कोठीची तोंडी परीक्षा

आमच्या शाळेत वाचनाला भाव होता आणि तो ठरलेला होता. पाच पातळ पुस्तकांना एक वाटी. त्यापुढे पेला, मग ताट, तांब्या, डबा, कळशी, आणि सगळ्यात वर धान्याची कोठी. कोठी स्टीलची, झाकणाची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली, पोतंभर गहू बसेल एवढी. ‘हल्ली मुलं वाचत नाहीत’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी ही कोठीच आठवली. मुलं वाचतात. तुम्ही काय देता यावर ते अवलंबून आहे.

मी भूगोलाचा शिक्षक. शहादा आणि तळोद्याच्या मधल्या सपाटीवर, आठवडे बाजार भरणाऱ्या एका गावात आमची शाळा आहे, पाचवी ते बारावी. ग्रंथालय माझ्याकडे आलं ते माझ्या वाचनामुळे नव्हे, नकाशांमुळे. नकाशांच्या गुंडाळ्या आणि पुस्तकांची कपाटं एकाच खोलीत होती, खोलीला किल्ली एक होती आणि ती माझ्याकडे होती. मराठीच्या सरांना हे काम द्यायचं ठरलं होतं, पण ते जूनपासूनच स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायला घेत. निवृत्त होईपर्यंत किल्ली माझ्याच खिशात राहिली.

बाहेरच्या माणसाला या कामाची अडचण सांगायला हवी. धड्यावर प्रश्न विचारणं सोपं, कारण धडा सगळ्यांनी वाचलेला असतो, निदान शिक्षकाने तरी. अवांतर वाचनाचं तसं नाही. वर्गात जितकी मुलं तितकी पुस्तकं, आणि त्या प्रत्येकाला गुण द्यायचे. सुरुवातीला आम्ही वाचलेल्या पुस्तकाचं नाव लिहून आणा असं सांगायचो. मुलं कपाटासमोर उभी राहून नावं उतरवत. मग सारांश लिहायला सांगितला. तेव्हा मुलांनी पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूर उतरवला. ‘मानवी मनाच्या गूढ तळाचा ठाव घेणारी कलाकृती’ असं सातवीच्या निम्म्या वर्गाने लिहून आणलं. त्यातल्या एकाचं पुस्तक कुक्कुटपालनावरचं होतं. तो मूळचा नवापूरचा, मामांच्या पोल्ट्रीसाठी त्याने ते नेलं होतं. त्याने ते खरोखर वाचलेलं होतं, पण सगळे तेच लिहितात म्हणून त्यानेही तेच लिहिलं.

मग मी तोंडी सुरू केली. मूल समोर बसवायचं, पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं आणि विचारायचं, की यातलं तुला काय पटलं नाही. वाचलेलं आणि न वाचलेलं मूल इथे वेगळं होतं. न वाचलेल्याला पुस्तक नेहमी फार आवडलेलं असतं. वाचलेल्याची कुठेतरी तक्रार असते. या एका प्रश्नावर मी नोकरी काढली म्हटलं तरी चालेल.

तोंडीचेही घोटाळे होतेच. धडगावकडून वसतिगृहात आलेली एक मुलगी पाचवीत होती. तिला मराठी वाचता येत होतं, पण गोष्ट सांगायला लागली की दोन वाक्यांत ती तिच्या घरच्या बोलीवर, पावरीवर, जायची आणि मग थांबायची नाही. मला पावरी कळत नाही. आमचा शिपाई तिकडचाच होता, त्याला मी शेजारी बसवलं. अर्थ सांगत बसू नकोस, नुसता ऐक, असं त्याला सांगितलं. जिथे पुस्तकात हसू होतं तिथे तो हसला आणि जिथे वाघ आला तिथे त्याने तोंडातली तंबाखू चघळायची थांबवली. मी मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं, कशाच्या आधारावर. मी म्हटलं, शिपायाच्या.

आमचे मुख्याध्यापक गणिताचे. तोंडीवर त्यांचा भरवसा नव्हता, त्यांना मोजता येईल असं काही हवं होतं. एका वर्षी त्यांनी पानांवर गुण ठेवले. महिन्याभरात कपाटातली जाड पुस्तकं गेली आणि सगळी पातळ पुस्तकं जागच्या जागी राहिली. एका पोराने शब्दकोश नेला. परत आणला तेव्हा मी विचारलं, गोष्ट काय होती रे यात? तो म्हणाला, “सर, गोष्ट लांबत जास आनि माणसं बदलत ऱ्हातस.” त्याला मी गुण दिले नाहीत, पण मुख्याध्यापकांना हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. पुढच्या वर्षी पानांचा नियम गेला.

भांडी आणली शेठजींनी. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठजी स्वतः अस्सल इथले, गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलणारे आणि शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारे. आम्ही त्यांच्याकडे बक्षिसाच्या पुस्तकांसाठी देणगी मागायला गेलो. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, पुस्तक वाचं त्याले बक्षीस परत पुस्तकच? मजूर दिनभर खंदस, आनि तुम्ही त्याले मजुरीमा नवी कुदळ देतस.”

आम्ही पुस्तकं मागायला गेलो होतो आणि भांडी घेऊन परत आलो.

पुढे भांड्यावर नाव कुणाचं टाकायचं यावर बैठक झाली. मुख्याध्यापकांना शाळेचं हवं होतं, शेठजींना दुकानाचं. शेवटी बक्षीस मिळवणाऱ्याचं नाव टाकायचं ठरलं, कारण त्यावर दोघांनाही सारखंच वाईट वाटलं. शेठजींचा माणूस नाव टाकायचं मशीन घेऊन शाळेत यायचा आणि त्याच्या कर्र आवाजाने दोन वर्ग बंद पडायचे. वाचनाचा असा आवाज आमच्या शाळेत आधी कधी झाला नव्हता. मुलं कपाटावर तुटून पडली. मुलींच्या आया शाळेत येऊन विचारू लागल्या, “सर, मन्ही पोरले तांब्या कधी भेटी?” मग मुलग्यांच्या आयाही येऊ लागल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, की पोरगा वाचेल पण वाटीवर नाव त्याच्या बहिणीचं टाका. आम्ही टाकून दिलं. आमच्या शाळेतल्या मुलांनी त्या काळात वाचनात जी प्रगती केली ती बहिणींच्या लग्नासाठी केली, हे आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्या आयांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

इकडे मुलीच्या लग्नात भांडी द्यावी लागतात आणि ती मांडून दाखवावी लागतात. येणारे जाणारे वाकून नावं वाचतात. शाळेची भांडी त्यासाठी फारच सोयीची होती, कारण त्यांच्यावर मुलीचं स्वतःचं नाव असे. आम्ही वाचनाची गोडी लावत होतो आणि घरोघरी रुखवत भरत होतं.

हर्षाली पाचवीपासून आमच्याकडे होती. वडील रतिलाल आप्पा, पपई आणि कापसाचे शेतकरी, गावातला भला माणूस, शाळेच्या कुठल्याही कामाला हजर. हर्षाली भांड्यांसाठी वाचत नव्हती, हे मी खात्रीने सांगतो, कारण एकदा वाचलेलं पुस्तक ती परत मागायची. दुसऱ्या वाचनाला वाटी नव्हती. ती पुस्तकांशी भांडायची. सहावीत असताना तिने मला सांगितलं, “सर, त्या राजाने अर्धं राज्य जावयाला दिलं. मग उरलेल्या अर्ध्यात तो काय करत बसला, ते कुणी लिहीतच नाही.” मी इतकी वर्षं तीच गोष्ट ऐकत आलो होतो आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. ती माझी लाडकी विद्यार्थिनी होती. शिक्षकाने असं लिहू नये म्हणतात, पण आता मी पेन्शनवर आहे.

दहावीत आली तेव्हा तिची कळशीपर्यंतची सगळी भांडी मिळवून झाली होती. एकदा पपईच्या दिवसांत आप्पांनी मला घरी नेलं. समोरच्या भिंतीला फळी होती आणि फळीवर तिची भांडी होती, एकाचंही प्लास्टिक काढलेलं नव्हतं. आम्ही चहा कपबशीत घेतला. एका टोकाला फळीखाली जमिनीवर मोकळी जागा ठेवली होती. ती कशाची, हे मी विचारलं नाही.

ते आप्पांनीच पुढच्या आठवड्यात बस स्टँडवरच्या टपरीवर सांगितलं. “सर, कोठी तेवढी ऱ्हायनी. ती भेटनी की साखरपुडा उरकी टाकसूत. सोनगडकडलं स्थळ शे, माणसं चांगला शेत.”

मी वयाचं बोललो. आप्पा शांतपणे म्हणाले, “कायदा माले माहीत शे. लगीन अठरा पुरा व्हवावरच. आते फक्त साखरपुडा.”

“आणि शाळा?”

“साखरपुडा व्हयेल पोर शाळामा कशी धाडानी, सर? लोके काय म्हनतीन.”

कोठीचा आग्रह हर्षालीच्या आईचा होता. तिच्या स्वतःच्या लग्नात भांडी कमी पडली होती आणि त्यावरून तिने बरंच ऐकलं होतं. कोठी आल्याशिवाय कुणाला शब्द द्यायचा नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. म्हणजे हर्षालीची शाळा आता एका पुस्तकावर येऊन ठेपली होती. ते वाचून ती पास झाली की शाळा संपली. पंचवीस-तीस वर्षं वाचनाचे गुण देताना असा पेपर मी कधी काढला नव्हता.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. या वर्षी कोठीऐवजी दुसरं काही ठेवू, असं सुचवलं. ते म्हणाले, नियम वर्षाच्या मध्ये बदलत नाहीत, आणि आपलं काम वाचनाचं, पुढचं पालक बघतील. शेठजींकडे गेलो, तर त्यांनी कोठी आधीच दुकानाच्या दारात मांडून तिच्यावर ‘वाचनाचे सर्वोच्च बक्षीस’ अशी पाटी लावलेली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक तिच्यावर टिचकी मारून जात होतं.

शेवटी मी हर्षालीलाच खोलीत बोलावलं आणि म्हटलं, या वर्षी तोंडी देऊ नकोस.

“नाही दिली तर आप्पा म्हणतील, पोर आळशी झाली. घरी बसवतील. तोंडी द्यावीच लागेल, सर.” मग म्हणाली, “तुम्ही मला नापास करा ना.”

“वाचलेल्याला मी नापास करत नाही.” हे मी जरा ताठ्यानेच म्हटलं. माझ्या कामात अभिमान धरावा असं एवढंच काय ते होतं.

“आणि न वाचलेल्याला?”

“त्याला करतोच.”

“बरं,” असं म्हणून ती पुस्तक घेऊन गेली.

कोठीची तोंडी इतर तोंडीसारखी खोलीत होत नसे. ती बक्षीस समारंभाच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये, पालकांच्या समोर व्हायची, शेठजींची तशी अट होती. पुस्तकही ठरलेलं होतं, आमच्याकडची सगळ्यात जाड कादंबरी. एका नावाड्याची गोष्ट. नावाडी आजारी पडतो, त्याची मुलगी दोन पावसाळे नाव चालवते, घर जगवते. शेवटी बाप बरा होतो, ती वल्हं त्याच्या हातात देते, तिचं लग्न ठरतं आणि त्याच नावेतून ती सासरी जाते. सगळे रडतात आणि पुस्तक संपतं. शाळेत ते पूर्ण वाचलेला मोठा माणूस मी एकटा होतो. मुख्याध्यापकांनी प्रस्तावना वाचली होती आणि त्याबद्दल ते चांगलं बोलायचे.

हर्षाली उभी राहिली. सुरुवात बरोबर सांगितली, आजारपण बरोबर, दोन्ही पावसाळे बरोबर. लग्न ठरेपर्यंत सगळं जसंच्या तसं. मग वऱ्हाड नावेत बसलं आणि तिने पुस्तक सोडलं. तिच्या गोष्टीत नावाड्याची मुलगी वल्हं कुणालाच देत नाही. नवरीच्या वेषात तीच नाव चालवते. नदीच्या मधोमध नाव थांबवते आणि वऱ्हाडाला विचारते, “कोनले वल्हं मारता येस का?” कुणाला येत नाही. नवरदेवालाही नाही. “मंग मी जठे लावसू तठे उतरा,” असं ती म्हणते, आणि ज्या काठावरून वऱ्हाड निघालं होतं त्याच काठाला नाव परत लावते. वऱ्हाडाला वाटतं, आपण पोचलो. सगळे उतरून गाव शोधत चालायला लागतात.

हॉल हसून हसून पडला. बायकांच्या बाजूला तर बराच वेळ आवाज शांत होईना. शेठजींनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, “देई टाका कोठी.”

हर्षाली माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की तिने मला काय काम लावून दिलं आहे. ती नापास व्हावी म्हणून चुकीचं बोलली होती, पण पुस्तक माझ्याशिवाय कुणीच वाचलेलं नसल्यामुळे ती आता चांगल्या मार्कांनी पास होत होती.

मी उभा राहिलो. “हे पुस्तकात नाही,” म्हणालो.

मुख्याध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, जाऊ द्या हो, छान बोलली. शेठजी म्हणाले, “मंग त्या पुस्तकवालानी चुकी शे, सर. हाऊ शेवट चांगला शे.”

“शेवट चांगला आहे,” मी म्हटलं. “पण वाचनाची परीक्षा आहे. नियमाप्रमाणे नापास.”

खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात त्या हॉलमध्ये याहून चांगली गोष्ट कुणी सांगितली नाही आणि तिला मी शून्य दिलं. आप्पा संतापले. मी पोरीचं वाटोळं केलं असं चार माणसांत म्हणाले. शेठजींना वाईट वाटलं आणि त्यांनी कोठी अशीच, परीक्षेशिवाय देऊन टाकतो असं जाहीर केलं. माझं सगळं केलेलं पाण्यात जाणार होतं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने हर्षालीची आई उठली. पदर सावरून म्हणाली, “नको, शेठजी. न वाचता भेटेल कोठी आम्हना घरमा नको. तिनावर पोरनं नाव टाकशात, आनि उद्या कोनी इचारं तर काय सांगानं?” आणि खाली बसली. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आप्पांनी विचारलं, आता पुढची तोंडी कधी? मुख्याध्यापक लगबगीने म्हणाले, पुढल्या वर्षी, अकरावी आहेच की आपल्याकडे. अकरावीला मुलं कमी पडतात ही त्यांची जुनी काळजी होती. अशा रीतीने हर्षालीचा अकरावीचा प्रवेश झाला. प्रवेशाच्या अर्जावर कारण लिहायला रकाना नसतो हे बरंच आहे.

नंतर ती पुस्तक परत करायला खोलीत आली. पुस्तक टेबलावर ठेवून ती नकाशांच्या गुंडाळ्या सरळ करत राहिली. मग म्हणाली, “सर, माले एकच भेव व्हतं. तुम्हीन बी ते वाचेल नसनं तर?”

मी म्हटलं, वाचलेलं होतं. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून राहिलो. सगळ्या नोकरीत एवढी भीती मला कशाची वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. राग उतरला होता, पण ठरवून आले होते. “सर, ते पुस्तक माले द्या. वरीसभर रोज सांजले बसाडीसन पाठ करी लेसू तिन्हाकडथून. मंग बघू कशी नापास व्हस.” पुस्तक फक्त विद्यार्थ्यांना द्यायचा नियम होता. मी दिलं. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते एका हातात पुस्तक धरत आणि पाढे घ्यावेत तशी मुलीकडून गोष्ट म्हणून घेत. ती कुठे चुकते हे कळायला त्यांना आधी स्वतः वाचणं भाग होतं.

पावसाळा संपता संपता टपरीवर त्यांनी मला गाठलं. “सर, तो नावाड्या आजारी पडना, तवय त्याना भाऊ कोठे व्हता? पहिला पानवर भाऊ शे. मंग दिसतच नही.”

“पुस्तकात सांगितलेलं नाही, आप्पा.”

“मंग कसं चाली? सख्खा भाऊ शे तो.” ते खरोखर चिडले होते. महिन्याभराने म्हणाले, दोन पावसाळे पोरीने नाव चालवली आणि बापाने एकदाही तिला चांगलं म्हटलं नाही, हे त्यांना काही बरोबर वाटत नाही. मी चहा पीत ऐकून घेतलं. आप्पांना पुस्तक अजिबात आवडलेलं नव्हतं, आणि म्हणजे काय ते मला माहीत होतं. मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. कारण जाताना ते म्हणाले, “पोर घर घडाघडा सांगस, एक शबुद चुकत नही. यंदा कोठी पक्की. सोनगडवालास्ले बी सांगी ठेयेल शे.”

मी हर्षालीला सांगितलं, आप्पांना आता पुस्तक पाठ आहे. हॉलमध्ये तू काही वेगळं बोललीस तर मुद्दाम बोललीस हे त्यांना कळेल.

“माहीत शे, सर.”

“मग?”

“मंग काय. सांगसू,” ती म्हणाली आणि वर्गात गेली.

त्या वर्षी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. गेल्या वर्षीचं वऱ्हाड आसपासच्या गावांत पोचलं होतं, आणि हर्षाली नापास कशी होते हे ऐकायला लोक ट्रॅक्टरवर बसून आले होते. कोठी व्यासपीठावर होती. शेठजींनी या वेळी तिला हार घातला होता. आप्पा पहिल्या रांगेत, धुतलेल्या टोपीत, मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. आई बायकांत होती.

हर्षाली पंख्याकडे बघत बोलली. आजारपण बरोबर, पावसाळे बरोबर. आप्पांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग बाप बरा होऊन उठतो आणि काठाला येतो तिथे ती आली. पुस्तकात मुलगी इथे त्याच्या हातात वल्हं देते. तिच्या गोष्टीतही तिने दिलं. बापाने ते घेतलं, हातात तोलून बघितलं आणि परत तिच्या हातात ठेवलं. म्हणाला, तूच चालव, मी बसतो. आणि तो स्वतःच्या नावेत पहिल्यांदाच उतारू म्हणून बसला. जन्मभर त्याने पाणीच बघितलं होतं, काठ बघायला सवड मिळाली नव्हती. नाव चालू लागली आणि तो काठावरची झाडं बघत राहिला. “संपली,” असं ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. आप्पांचे ओठ केव्हाच थांबले होते. शेठजींनी माझ्याकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी बघितलं, मग सगळ्या हॉलने बघितलं. मी खुर्चीचा हात धरून उठू लागलो. ‘हे पुस्तकात नाही’ एवढे तीन शब्द या वेळी माझ्या तोंडून निघतील असं मला वाटत नव्हतं.

“सर, बसा तुम्ही,” आप्पा म्हणाले. ते उभे राहिले होते. “हाई पुस्तकमा नही शे. मी वाचेल शे.”

शेठजी म्हणाले, “आप्पा, पन तुम्ही तर म्हने पोर घर बराबर सांगस.”

“घर रोज बराबर सांगस.” ते मुलीकडे बघत होते. ती आता पंख्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. आप्पांनी हातातलं पुस्तक उघडलं, मिटलं, आणि व्यासपीठापर्यंत येऊन ते माझ्या टेबलावर ठेवलं.

“मंग काय करानं, आप्पा?” शेठजींनी हळूच विचारलं.

“करानं काय? नियम शे ना. नापास करा.” ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. टेबलावर वाकून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “आनि सर, बारावीनी तोंडीनं बी आतेच लिखी ठेवा. नापास.”

न घेतलेल्या परीक्षेचा निकाल मी सगळ्या नोकरीत कधी लिहिला नव्हता. तो मी त्यांच्यासमोर लिहिला आणि खाली सही केली.